पंचाहत्तर मीटर दोरी

स्लाइड ४ : किती लांब

अंबादास हिवराळेने दोरीचं टोक श्रेयसच्या हातात दिलं आणि सांगितलं, "चालत राहा. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"कुठे चालू सर? भिंत आली."

"दार कशाला आहे?"

वर्ग हसला. श्रेयस दारातून बाहेर पडला. पिवळी नायलॉनची दोरी कोपऱ्यातल्या वेटोळ्यातून सुटत त्याच्या मागे सरकत राहिली. तिचं दुसरं टोक टेबलावरच्या खेळण्यातल्या विमानाच्या शेपटीला बांधलं होतं. दोरी व्हरांड्यातून गेली, लिफ्टपाशी वळली, जिन्यात उतरली. विमान टेबलावर थोडं हललं, तेव्हा अंबादासने त्यावर हात ठेवला.

अंधेरी पूर्वेची ही इमारत, दुसरा मजला. विमानतळावर जमिनीवरचं काम करणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षण इथे चालतं. मंगळवारी नवी बॅच असते. आज तेवीस जण होते. इथली परीक्षा पास झाल्याशिवाय कुणाला विमानांजवळ उभं राहायचा पास मिळत नाही.

खालून, रस्त्यावरून हाक आली.

"सर! चहावाल्याकडे पोचलो!"

अंबादास खिडकीशी गेला. चालताना त्याचा डावा पाय जरा मागे राहतो.

"दोरी संपली का?"

"नाही, आहे अजून!"

"मग अजून उडशील. पुढे जा."

या वेळी हसू मोठं आलं. ते इथे येतंच. अंबादास ते ओसरायची वाट बघत उभा राहिला, मग वर्गाकडे वळला. उजवा कान लोकांकडे राहील असा तो नेहमी थोडा तिरका उभा राहतो.

"पंचाहत्तर मीटर. विमान इथे टेबलावर आहे. त्याचं इंजिन नुसतं घुरघुरतंय आणि तुम्ही चहा पिताय. तो कप गेला समजा. आणि विमानाला जागचं हलायचं असेल तर पायलट जोर वाढवतो. मग ही दोरी पुरत नाही. वारा दिसत नाही. त्याला रंग नाही. मे महिन्यात तर सगळ्या डांबरावरच हवा थरथरत असते, त्यात इंजिनाची थरथर कुठली ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

तिसऱ्या रांगेत खिडकीकडेला बसलेली मुलगी हे लिहून घेत होती. ब्रह्मदेवासकट सगळं लिहीत असावी. तिचं अक्षर त्याने सकाळीच बघितलं होतं, हजेरीच्या कागदावर. गोल, सुटं अक्षर. नऊ नंबर. जान्हवी नितेश धुरी. राहणार भांडुप.

स्लाइड ५ : लाल दिवा

विमानाच्या पोटाखाली आणि पाठीवर लाल दिवा लुकलुकतो. त्याला बीकन म्हणतात. तो लागला म्हणजे इंजिन चालू आहे किंवा आता होईल. तो विझल्याशिवाय जवळ जायचं नाही आणि मागून तर जायचंच नाही.

या स्लाइडला अंबादास एक मिनिट देतो. आज त्याने तीन मिनिटं दिली. दोरी गुंडाळत वर आलेल्या श्रेयसला धाप लागली होती. त्याला पाणी पिऊ दिलं. मग एसी कमी करायला सांगितला. मग तो पुन्हा वाढवायला सांगितला.

"सर, पुढची?" कॉम्प्युटरशी बसलेल्या मुलाने विचारलं.

"थांब जरा. आठ दाखव आधी."

"आठ? सहा-सात नाय?"

"आठ दाखव रे."

स्लाइड ८ : विमानाभोवती नारिंगी कोन कसे ठेवावेत

ही दाखवली. हिच्यात विशेष काही नाही.

स्लाइड ६ : एक खरी घटना

या स्लाइडवर अक्षरं नाहीत. मे महिन्यातल्या दुपारचा रिकामा रस्ता आहे, विमानांच्या मागून जाणारा, आणि त्याच्या कडेला कुंपण. फोटो घटनेनंतर काढलेला आहे. कुंपणाला एक निळा प्लास्टिकचा कॅन अडकलेला दिसतो.

"तो कॅन माझा," अंबादास म्हणाला. "मी त्याच्यानंतर पोचलो."

इथेही हसतात. नऊ वर्षांत ही गोष्ट हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्याच्या तोंडाला पाठ होतं. त्याला वाटायचं, आपण दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतोय. बरीचशी ती तशी होतीही.

"मी तेव्हा लोडर. बॅगा चढवायच्या, उतरवायच्या. आमच्यात एक नियम होता. कुठे लिहिलेला नाही, जुन्यांनी नव्यांना सांगायचा. बीकन लागला की तीस मोजायचे. तिसाच्या आत मागून पलीकडे गेलास तर तुझं काही होत नाही. इंजिनाला जाग यायला तेवढा वेळ लागतोच. वळसा घालून जायला सात मिनिटं, मागून गेलं की एक. सगळे जायचे. मीसुद्धा शेकडो वेळा गेलेलो."

"चालायचं ते, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"चालतं तोवर चालतं."

त्याने पाण्याचा घोट घेतला.

"त्या दिवशी आमची फ्लाइट भरून झाली. मी कॅन घेऊन थंड पाणी आणायला निघालो. शेजारचं विमान मागे ढकलून झालं होतं, ढकलणारी गाडी, टग, सुटली होती. मी बॅगांच्या ट्रॉलीच्या आडून बाहेर आलो, बघतो तर बीकन लुकलुकतोय. मी मोजायला लागलो. एक, दोन. चुकी कुठे झाली?"

 मग जान्हवी धुरीने हात वर केला, अर्धवट, कोपरातून.

"दिवा आधीपासून लागलेला होता," ती म्हणाली. "तुम्हाला दिसला तेव्हापासून तुम्ही मोजलं."

"बरोबर. माझे अठरा झाले होते. त्याचे कधीच संपले होते."

यानंतर तो वाऱ्याचं सांगतो. ते त्याने सांगितलं. आधी ऊब आली, कुणी भट्टीचं दार उघडावं तशी. मग पाय जमिनीवर नव्हते. कुंपणाचा खांब, कंबर, कोपर. कानात शिट्टी, जी अजून कधीकधी वाजते. सहा महिने खाटेवर. मग हलकं काम म्हणून ही खोली, हे खेळण्यातलं विमान.

मुलाने न विचारता पुढची स्लाइड लावली.

स्लाइड ७ : कारण

*विंग वॉकरने थांबण्याचा इशारा दिला नाही.*

एवढंच. काळ्या ठळक अक्षरांत. नाव नाही, नावं लिहीत नाहीत.

या स्लाइडवर अंबादासने म्हणायची वाक्यं तीन. विमान ढकललं जाताना दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालतो, तो विंग वॉकर. विमान निघेपर्यंत मागच्या रस्त्यावरची माणसं आणि गाड्या थांबवणं हे त्याचं काम. त्या दिवशी कोणीच हात दाखवला नाही.

पहिली दोन त्याने म्हटली.

हॉस्पिटलात चौकशीचा साहेब आला होता तेव्हा लता, त्याची बायको, उशाशी उभी होती. पोर तिच्या कडेवर झोपलं होतं. साहेब चांगला माणूस होता. त्याने पेन उघडलं आणि विचारलं, कोणी थांबवलं नाही ना तुम्हाला? प्रश्न असा विचारला होता की मान हलवली तरी पुरे. इशारा डावलला असं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती, मोडकी कंबर घेऊन. कॅमेऱ्यात विमानाचं नाक होतं, मागचा रस्ता नव्हता. अंबादासने मान हलवली. महिन्याभरात त्या विंग वॉकरचा, नितेश धुरीचा, पास काढून घेतल्याचं कळलं. त्यानंतर ही स्लाइड झाली.

वर्गात एसीचा आवाज होता. नऊ नंबरचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. तिने मान वर केली नव्हती.

"हात वर होता," अंबादास म्हणाला.

मुलाने कॉम्प्युटरवरून त्याच्याकडे बघितलं.

"दोन्ही हात. असे." त्याने मनगटं डोक्यावर फुलीसारखी धरली. डावं कोपर पुरतं उघडत नव्हतं, त्यामुळे फुली तिरपी झाली. "त्याने ओरडूनही सांगितलं असेल, ते ऐकू आलं नाही. पण हात मी बघितले. मी त्याला हसून हात केला, झालं झालं म्हणून. आणि मोजत पुढे गेलो."

त्याने हात खाली घेतले. कुणी दचकलं नाही. वर्गाला ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती, ती बदलली आहे हे कळायचं त्यांना कारण नव्हतं. दोघांतिघांनी स्लाइडकडे बघितलं, पुस्तिकेचं पान उलटलं, पुन्हा स्लाइडकडे बघितलं.

श्रेयसने हात वर केला.

"सर, पण इथे उलटं लिहिलंय."

"हो."

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

वर्ग खदखदून हसला. अंबादासही ओठातल्या ओठात हसला. प्रश्न योग्य होता. नऊ वर्षांत इतका सरळ प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"पुस्तिकेत आहे ते," तो म्हणाला.

त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही.

प्रश्न १४

*वर्गात सांगितलेल्या घटनेचे मुख्य कारण कोणते?*

*अ) विमानाचा लाल दिवा बंद होता.*
*ब) विंग वॉकरने थांबण्याचा इशारा दिला नाही.*
*क) कर्मचाऱ्याने दिलेला इशारा डावलला.*
*ड) वरीलपैकी नाही.*

वीस प्रश्न, वीस मिनिटं. सोळा बरोबर आले की पास. उत्तरांची यादी छापील आहे, कपाटात असते, तिच्यावर प्रशिक्षण प्रमुख मानसी मॅडमची सही आहे. चौदासमोर ब.

बॅच जेवायला गेल्यावर अंबादास पेपर तपासायला बसला. ब. ब. ब. श्रेयस, ब, एकूण सोळा, काठावर. ब. एकाने ड लिहून खोडून ब केलं होतं. नववा पेपर आला तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला, बाकीचे संपवले आणि मग घेतला.

क.

चौदा सोडून तिचे चार चुकले होते. म्हणजे पंधरा. नापास.

त्याने पुन्हा मोजलं. पंधराच.

ती डबा खाऊन सगळ्यांच्या आधी परत आली होती. दारापाशी पाण्याच्या मशीनवर बाटली भरत उभी होती. अंबादास उठून तिथवर गेला.

"धुरी."

"हां सर."

"चौदावा. मी काय सांगितलं होतं लिहायला?"

"ब."

"मग?"

तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"पप्पांनीपण ब सांगितलेलं. काल रात्रीच. म्हणाले, त्या घटनेवर एक प्रश्न असतो, ब लिही न् पास हो. उगाच शहाणपणा करू नको. आणि सरांना सांगू नको कुणाची आहेस ते." ती किंचित हसली. "म्हटलं, पप्पा, हजेरीत तुमचं नाव मध्येच येतं."

अंबादासने मशीनवर हात टेकला.

"नितेश काय करतो आता?"

"मुलुंडला एका टॉवरच्या गेटवर आहेत. गाड्या सोडतात."

"बरा आहे?"

"आहेत."

व्हरांड्यातून दोघं मुलं बोलत गेली. ती जाईपर्यंत जान्हवी थांबली.

"आधी ते दाखवायचे, सर. मी चौथीत होते. स्वयंपाकघरात उभं राहून, असे हात करून. ट्यूबलाइटला लागायचे, आई ओरडायची. म्हणायचे, असे धरले होते मी. दोनेक वर्षं दाखवायचे. मग बसूनच दाखवायला लागले. मग नुसतं सांगायचे. आणि आता विचारलं तर म्हणतात, माका आता आठवणा नाय गो. खालीच असतलो. एवढ्या लोकांनी लिहिल्यानी तर खालीच असतलो."

तिने ते मालवणीतच म्हटलं, बापाच्या संथ आवाजात, आणि लगेच आपल्या आवाजावर आली.

"मलापण वाटायला लागलेलं की हात खालीच होता. खरंच. मी ब वरच पेन ठेवलं होतं. पण तुम्ही हात करून दाखवलात ना, तुमचं कोपर उघडत नाही, तरी केलंत. मग मी क लिहिलं."

"तू नापास झालीस."

"किती?"

"पंधरा."

"एका मार्कानं?" तिने जीभ चावली. "वाट लागली. पप्पा बोलणार आता, सांगितलं होतं ना."

तिने बाटली पिशवीत टाकली. तिला त्याच्याकडून काही हवं होतं असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा किती वाजता यायचं, एवढंच तिने विचारलं.

स्लाइड ७ : कारण (दुरुस्ती)

मानसी मॅडमनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि अंबादासने आणलेला कागद वाचला. उत्तरांच्या यादीत बदल करायचा असेल तर भरायचा तो फॉर्म. प्रश्न क्रमांक १४. जुनं उत्तर ब. नवं उत्तर क. बदलाचं कारण हा रकाना मोकळा होता.

"हे काय, हिवराळे?"

"चौदाव्याचं उत्तर चुकीचं आहे, मॅडम."

"नऊ वर्षांनी कळलं?"

 मॅडम पस्तिशीच्या होत्या, घटना घडली तेव्हा त्या इथे नव्हत्या. त्यांनी स्लाइड सातचा छापील कागद फाइलीतून काढला, त्याच्याशेजारी फॉर्म ठेवला आणि दोन्हींवरून नजर फिरवली. मग उठून दार लावलं.

"कोणी नापास झालंय का यात?"

"एक मुलगी. पंधरा."

"मग तिला मंगळवारी परत बसवा ना. ती ब लिहील, पास होईल, विषय संपला. त्यासाठी यादी कशाला बदलायची?"

"ती ब लिहील, मॅडम. तेच तर."

मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला.

"हा कागद मला वर पाठवावा लागेल. माझ्याकडे ठेवता येणार नाही. तिथे विचारतील, ज्याने तेव्हा जबाब दिला तोच माणूस हे लिहून देतोय, तर तेव्हा काय लिहून दिलं होतं. जुनी फाइल निघेल. कळतंय ना?"

"हो."

"मंगळवारी तुम्ही इथे असाल की नाही, हे मी सांगू शकत नाही."

"हो."

"घरी विचारलंत?"

 अंबादासच्या विक्रोळीच्या घरात या गोष्टीबद्दल नऊ वर्षांत कुणी बोललं नव्हतं. लता तेव्हा उशाशी उभी होती, तिने मान हलताना बघितली होती, आणि त्या संध्याकाळी त्याला भात भरवताना ती दुसऱ्याच विषयावर बोलली होती.

"तिला माहीत आहे," तो म्हणाला.

मॅडमनी पेन पुढे केलं. रकाना छोटा होता, एका ओळीचा. अंबादासने लिहिलं : हात वर होता.

मॅडमनी उलटं वाचलं.

"कुणाचा? असं चालत नाही. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

पुढे जागा उरली नव्हती. मग त्याने ओळीच्या आधी, समासात, बारीक अक्षरांत नाव घातलं. नितेश धुरी यांचा. 'यांचा' लिहिताना पेन समासाच्या बाहेर गेलं.

मॅडमनी सही केली. तारीख घातली. कागद ट्रेमध्ये ठेवला.

"सही झाली म्हणजे आजपासून लागू," त्या म्हणाल्या. "पेपर परत तपासावे लागतील. सगळे."

(स्लाइड नाही)

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लाल पेनाने चौदावरची बरोबरची खूण खोडायची, फुली मारायची, बेरजेतून एक वजा. बावीस वेळा. सतराचे सोळा झाले, अठराचे सतरा. बहुतेक तरले. नवव्या पेपरवर त्याने फुली खोडून बरोबरची खूण केली आणि पंधराचे सोळा केले. तिथे काही वेगळं घडत नव्हतं. पेन चाललं तसं चाललं.

दारात श्रेयस उभा होता. मागे व्हरांड्यात बाकीची बॅच निकालाची वाट बघत भिंतीला टेकली होती. जान्हवी सगळ्यांच्या मागे, पिशवी खांद्याला लावून, निघायच्या तयारीत.

"सर, माझे सोळा झाले ना? मी मोजले होते."

अंबादासने त्याचा पेपर शोधला. चौदा. ब. त्यावरची लाल फुली अजून ओली दिसत होती.

"पंधरा."

"काय सर! कुठला गेला?"

"चौदावा."

"अहो, तुम्हीच तर सांगितलं ना, पुस्तिकेत आहे ते लिहा! सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"हो. सगळ्यांचा एकेक गेला."

"ही चीटिंग आहे, सर."

"आहे," अंबादास म्हणाला. "माझी."

 श्रेयसने मागे वळून बॅचकडे बघितलं, कुणी बाजू घेतंय का म्हणून. अंबादास उठला. टेबलावरच्या विमानाच्या शेपटीची गाठ त्याने सोडली, दोरी कोपरावर आणि अंगठ्यात पुन्हा नीट गुंडाळली, वेटोळं करून कपाटात ठेवलं. कपाटाची किल्ली नेहमी त्याच्या खिशात असायची. ती त्याने टेबलावर, खेळण्याच्या शेजारी ठेवली.

"मंगळवारी ये," तो म्हणाला. "कोणीतरी असेल शिकवायला. दोरी कपाटात आहे."

"परत मीच जाऊ चहावाल्याकडे?"

"त्याच्यापुढे."